दोष कुणाच्या माथी?



निसर्गात असे काहीतरी नेहमी घडत असते की ज्याचे कारण आपल्याला पटकन सापडत नाही. रात्री गावातली कुत्री एकसारखी रडू लागतात. काल भरपूर दूध देणारी गाय आज सकाळी कास रिकामी घेऊन उभी असते. धडधाकट माणूस रात्री जेवून झोपतो आणि पहाटे त्याचा श्वास कोंडतो. अंधाऱ्या आकाशातून जळते गोळे सरकत जातात. अशा वेळी आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो म्हणजे "का?" हा प्रश्न चांगला आहे. देवाने माणसाला बुद्धी दिली, म्हणूनच तो हा प्रश्न विचारतो. पण मनात भीती शिरली की या "का?" चे "कुणी?" कधी होऊन जाते, हे आपल्या लक्षातही येत नाही. कुणी केले? कुणाची नजर लागली? कुणाच्या पापाचे हे फळ?

न कळलेल्या गोष्टीचे कारण सांगणे ही एक प्रकारची साक्ष असते. साक्ष खरी असली तर त्यातून कुणाचे तरी भले होते. खोटी असली तर तिची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, आणि बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याला आपली बाजू मांडायची संधीही मिळत नाही. म्हणून कारण नीट तपासून पाहणे ही काही फक्त शिकलेल्या माणसांची हौस नव्हे. खोटी साक्ष देऊ नये असे सांगणारी आठवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. ती आज्ञा इथे लागू होते. आपल्याच भागातली काही उदाहरणे घेऊन याचा विचार करू या.

झोपेत चावणारा साप

पावसाळ्यात आपल्याकडे बरीच माणसे जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. मण्यार हा साप फिरतो तो रात्रीच. उंदीर, पाली, लहान साप यांच्या शोधात तो घरात शिरतो. झोपलेल्या माणसाचा हात किंवा पाठ त्याच्यावर पडली की तो चावतो. त्याचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा दुखतही नाही. सूज येत नाही, दातांच्या खुणाही धड दिसत नाहीत. माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. काही तासांनी पोटात कळा येऊ लागतात, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटतात, गिळता येत नाही, जीभ अडखळते. शेवटी श्वास घेण्याचे स्नायूच लुळे पडतात.

आता घरच्यांच्या जागी उभे राहून पाहा. साप कुणी पाहिलेला नाही. अंगावर जखम नाही. रात्री हसत बोलत जेवलेला मुलगा पहाटे डोळे उघडू शकत नाही आणि त्याला बोलता येत नाही. "बाहेरचे आहे", "कुणीतरी करणी केली" असे कुणी म्हटले की ते खरेच वाटते. मग त्याला मांत्रिकाकडे नेले जाते. तिथे जो वेळ जातो तोच वेळ त्या मुलाच्या आयुष्याचा असतो. सापाच्या विषावरचे इंजेक्शन आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास देणारे यंत्र वेळेवर मिळाले तर मण्यार चावलेला माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. लुळे पडलेले स्नायू पुन्हा काम करू लागतात. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज संशोधकांनी काढला आहे. यातली बहुतेक माणसे खेड्यातली होती. त्यांतले किती जण चुकीचे कारण सांगितल्यामुळे गेले, याचा हिशेब कोण ठेवणार?

आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. करणी म्हटली की करणी करणाराही शोधावा लागतो. असा शोध गावच्या पाटलाच्या किंवा सावकाराच्या दारी कधी जात नाही. तो जातो एकट्या विधवेकडे, म्हाताऱ्या बाईकडे, गरिबाच्या किंवा दलिताच्या झोपडीत. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द या गावी, जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्येच झाला होता. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात गोळ्या झाडून हत्या झाली. कायदा झाला, तो असायलाच हवा. पण "कुणी केले?" हा प्रश्न पहिल्यांदा निघतो तो घरात, ओट्यावर, पाण्याच्या नळाजवळ. तिथे पोलीस नसतो. तिथे आपणच असतो.

गोठ्यातली धामण आणि लवूळची वानरे

मुक्या प्राण्यांविरुद्धही अशीच साक्ष दिली जाते. गाईचे दूध आटले की धामणीचे नाव घेतात. ती रात्री गाईच्या मागच्या पायांना विळखा घालते आणि कासेला तोंड लावून दूध पिते, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पण सापाच्या तोंडाची रचना पाहा. त्याला ओढून पिता येतील असे मऊ ओठ नाहीत, आणि दात मागे वळलेले, सुईसारखे. असे दात कासेला लागले तर गाय गप्प उभी राहील का? धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. ती बिनविषारी आहे. दूध कमी होण्याची कारणे बहुधा साधीच निघतात: चारा बदलला, उन्हाचा ताप झाला, वासराने रात्री दावे सोडवून घेतले, किंवा कासेला दगडीची सुरुवात झाली. आपण धामण मारतो, दगडीकडे दुर्लक्ष करतो आणि उंदरांना मोकळे रान देतो. धामणीला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, पण गोठ्यातल्या काठीपुढे कायदा उशिराच पोचतो.

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातले लवूळ हे गाव एकाएकी जगभर गाजले. गावातली वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या छपरांवर नेत होती आणि त्यांतली बरीच पिल्ले मरत होती. एका कुत्र्याने वानराचे पिल्लू मारले आणि त्याचा सूड म्हणून वानरांनी अडीचशे पिल्ले ठार केली, अशी ती गोष्ट सांगितली गेली. परदेशी वर्तमानपत्रांनीही ती छापली. पुढे नागपूरहून आलेल्या वनखात्याच्या पथकाने दोन वानरे पकडून नेली. चौकशीत पुढे आले ते वेगळेच होते. अडीचशे हा आकडा फुगवलेला होता. वानरे पिल्लांना उचलून नेत, जवळ धरून बसत. पण कुत्र्याच्या पिल्लाला झाडावर ना दूध मिळे, ना पाणी, ना घट्ट धरून बसता येई. काही भुकेने मेली, काही पडून मेली.

वानरांच्या कळपात दुसऱ्या मादीचे पिल्लू घेऊन मिरवणे ही नेहमीची गोष्ट आहे. वानराच्या पिल्लाला जन्मापासून घट्ट धरता येते, आणि भूक लागली की ते आईकडे परत जाते. कुत्र्याच्या पिल्लाला यांतले काहीच जमत नाही. म्हणजे ज्याला आपण सूड म्हटले, त्याच्या मुळाशी बहुधा पिल्लाला जवळ घेण्याचीच ओढ होती, फक्त ती चुकीच्या पिल्लावर पडली. मेलेल्या पिल्लांना याने काही फरक पडत नाही, हे खरे. पण सूड ही कल्पना आली कुठून? एकाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या सगळ्या जातीला शिक्षा करायची, पिढ्यान्‌पिढ्या हिशेब ठेवायचा, ही रीत आपली माणसांची आहे. आरशात दिसलेला आपला चेहरा आपण वानराचा म्हणून सांगितला.

याचा अर्थ प्राणी म्हणजे चावी दिलेली यंत्रे आहेत, असे नाही. अमेरिकेत सिएटल येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी विशिष्ट मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. त्यानंतर अनेक वर्षे तो मुखवटा दिसला की कावळे ओरडून अंगावर येत, आणि त्या वेळी जन्मलेही नव्हते असे कावळेही त्यात सामील होत. कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो आणि पुढच्या पिढीला शिकवतो. खरे कारण शोधायला गेले की कधी प्राणी आपल्या कल्पनेपेक्षा साधा निघतो, तर कधी जास्त हुशार. आधी ठरवून ठेवलेले उत्तर मात्र दोन्हीकडे चुकते.

येशूने मोडलेला प्रश्न

शुभवर्तमानात हा विषय अगदी स्पष्ट येतो. संत योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस आहे. शिष्यांना त्याच्या दुःखापेक्षा त्याच्या दुःखाचा दोषी कोण, याची उत्सुकता जास्त. पाप याचे की याच्या आईवडिलांचे? येशू दोघांनाही दोषमुक्त करतो आणि बोलत न बसता त्या माणसासाठी काम सुरू करतो. संत लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते काय, असे विचारून येशू स्वतःच त्याला नकार देतो, आणि ऐकणाऱ्यांना दुसऱ्यांच्या पापाचा हिशेब सोडून स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवतो.

इथे आपण ख्रिस्ती लोकांनी जरा थांबून विचार करायला हवा. आपण करणी-भानामती मानत नाही असे म्हणतो. पण शेजारच्या घरात तरुण मुलगा गेला की "देवाने शिक्षा केली", "मिस्साला येत नव्हते म्हणून झाले" असे शब्द आपल्या तोंडून निघतात की नाही? मण्याराचे विष, उशिरा मिळालेली गाडी, जमिनीवरचे अंथरूण या सगळ्यांचा दोष आपण देवाच्या नावावर घालतो. ही साक्ष त्या घराविरुद्ध तर आहेच, ती देवाविरुद्धही आहे. अशा वेळी रडणाऱ्या आईजवळ गप्प बसून राहणे हेच अधिक खरे आणि अधिक भक्तीचे असते.

आपल्या घरातली परीक्षा

दुसऱ्यांच्या श्रद्धेविषयी बोलणे सोपे असते, म्हणून आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. ऑगस्ट २००६ मध्ये मुंबईत माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि लोक ते दूषित पाणी पिण्यासाठी धावले, हे आपल्याला आठवत असेल. त्या वेळी आपल्यापैकी पुष्कळ जण हसले. मग मार्च २०१२ मध्ये मुंबईतच विलेपार्ल्याजवळ इर्ला येथील वेलंकनी मातेच्या चर्चबाहेरच्या क्रूसावर येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक प्रार्थनेला जमले, काहींनी ते पाणी बाटल्यांत भरून नेले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिले आणि सांगितले की जवळच्या सांडपाण्याचा निचरा तुंबला आहे. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते पाणी भिंतीतून आणि लाकडातून वर चढून ठिबकत आहे. मुंबई धर्मप्रांताने तो चमत्कार असल्याचे जाहीर केले नव्हते. तरीही पुढे काही कॅथोलिक व्यक्तींनी आणि संघटनांनी धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी केल्या आणि त्याच वर्षी एडामारुकू देश सोडून फिनलंडला गेले.

टीव्हीवरील चर्चेत त्यांनी चर्चविषयी केलेली विधाने अनेकांना बोचली, हे खरे आहे. ती विधाने चुकीची वाटली तर त्यांना उत्तर देता आले असते. पण पाणी कुठून येते हा प्रश्न वेगळा होता आणि त्याचे उत्तर भिंत उकरून मिळणार होते, पोलीस ठाण्यात नव्हे. तुंबलेल्या गटाराचे पाणी भाविकांच्या तोंडी जाऊ नये म्हणून ज्याने सांगितले, त्याने त्यांचे वाईट चिंतले असे म्हणता येईल का? त्याच्या मताशी आपले जमो वा न जमो, जे खरे त्याला खरे म्हणण्याने क्रूसाचा मान कमी होत नाही. क्रूसावरचा येशू आपला तारणारा आहे तो पाणी ठिबकले म्हणून नव्हे.

ख्रिस्तसभेची परंपराही हेच सांगते. तेराव्या शतकातले थोर डोमिनिकन संत आल्बर्ट यांनी प्राण्यांविषयी मोठा ग्रंथ लिहिला. शहामृग लोखंड खाऊन पचवते असे त्या काळी सर्व जण मानत. आल्बर्ट यांनी शहामृगापुढे लोखंड ठेवून पाहिले. त्याने ते खाल्ले नाही, आणि तसे त्यांनी लिहून ठेवले. एका जातीची हंसासारखी पाखरे झाडांवर फळांसारखी उगवतात, हीही त्या काळची पक्की समजूत. ही पाखरे अंडी घालताना आपण पाहिली आहेत असे सांगून त्यांनी ती खोडून काढली. १९४१ मध्ये परमगुरूंनी त्यांना निसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले. लूर्द येथे १८८३ पासून डॉक्टरांचे कार्यालय बरे झाल्याचे दावे तपासत आले आहे. हजारो दाव्यांपैकी सत्तरहून थोड्याच घटनांना ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्यता दिली. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने अशा घटनांविषयी नवे नियम काढले, त्यांतही घाईने "हे दैवी आहे" असे जाहीर करण्यापासून आवर घातलेला आहे. चमत्कारावर विश्वास ठेवणारी ख्रिस्तसभाच जर इतकी सावकाश चालते, तर आपल्याला एवढी घाई कशाची?

कारण कळले की आश्चर्य संपते का?

काही जण म्हणतील, सगळ्याचे कारण सांगत बसले तर देवाच्या करणीत उरले काय? जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. उल्का पडून तयार झालेले, खाऱ्या पाण्याचे ते सरोवर पाहून लोक घाबरले, तर्क करू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. त्या उन्हाळ्यात पाणी कमी होऊन खारेपणा वाढला होता आणि मिठातच वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव प्रचंड संख्येने वाढले होते. गुलाबी रंग त्यांचा होता. ते तळाशी बसले की पाणी पुन्हा निवळते. जिथे मासा जगत नाही अशा पाण्यात कोट्यवधी जीव नांदत होते आणि आपल्याला त्यांची खबरही नव्हती. हे कळल्यावर स्तोत्रे गाणाऱ्याला आणखी एक कडवे मिळते, एक कमी होत नाही.

आणि थांबून विचारणे आपल्या लोकांना जमते, हेही आपण पाहिले आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे गेले. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. आसपास धातूचे गोळेही सापडले. गावकऱ्यांनी पोलिसांना कळवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी रॉकेटचा तो उरलेला भाग असावा, असे खगोलतज्ज्ञांनी हिशेब करून सांगितले. आकाशातून धातूचे कडे पडूनही कुणा म्हातारीला चौकात बांधले गेले नाही. म्हणजे हे जमते.

मग आपण वडनेरकरांनी काय करावे? पावसाळ्यात शक्यतो खाटेवर आणि मच्छरदाणी लावून झोपावे. पहाटे कुणाच्या पोटात कळा येऊन पापण्या जड होऊ लागल्या तर साप दिसला नसला तरी सर्पदंश समजावा, कापणे-बांधणे-मंतरणे यात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा आणि थेट दवाखान्यात न्यावे. प्रार्थना जरूर करावी, गाडीत बसून करावी. धामण दिसली तर तिला वाट द्यावी. गावात कुणाविषयी "तिनेच केले" अशी कुजबुज सुरू झाली की तिथल्या तिथे "तू पाहिलेस का?" असे विचारावे. हा प्रश्न विचारायला फार धैर्य लागते, कारण विचारणाऱ्यावरही संशय येतो. पण चौकात बांधल्या जाणाऱ्या बाईसाठी तेवढाच एक प्रश्न वेळेवर विचारला गेला असता तर?

ज्याचे कारण आपल्याला ठाऊक नाही, तिथे "ठाऊक नाही" म्हणावे आणि ज्याला ठाऊक असेल त्याला विचारावे. घरातल्या लहान मुलांसमोर हे शब्द मोकळेपणाने म्हणावेत. देव सर्व जाणतो हे आपण मानतो. त्यामुळे सर्व काही आपणच जाणले पाहिजे, हे ओझे आपल्यावर नाही.